दहिसर नदीच्या काठाने

फाल्गुनातला शेवटचा रविवार, सकाळचे साडेसहा.
दौलतनगरच्या पुलावर वर्तकबाई डोकी मोजतात,
अकरा.
पस्तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्यात त्यांनी.
"पाणी आहे ना, टोपी आहे ना,
आणि वाटेत कुणी नदीला गटार म्हणायचं नाही."
मग स्वतःच नाकाला ओढणी लावतात.

वाट म्हणजे काय, तर
तबेल्यामागून एक पट्टा, शेणाने मऊ झालेला,
मग सोसायटीचं कुंपण,
मग वॉचमन. रस्ता नाही, म्हणतो.
नदी आहे की, म्हणते बेर्था.
नदी आहे, म्हणतो तो, रस्ता नाही.
असे चार वळसे. नदी मध्येच हरवते
आणि मेडिकलच्या मागे पुन्हा सापडते,
कपडे बदलून आल्यासारखी,
दुसऱ्याच रंगात.

मला डॉक्टरने चालायला सांगितलंय,
एवढंच माझं कारण. झाडांतलं मला काही कळत नाही.
पण पांगारा कळावा लागत नाही.
अंगावर पान नाही एक, आणि नुसता लाल,
पाणी गेलेल्या चाळीत
एखादीने नटून जिन्यात बसावं तसा.
साळुंक्या त्याच्यावरून भांडत होत्या.
दळवीवहिनींनी फोन उंच धरून नवऱ्याला दाखवला.
दोह्यात तेव्हा पाच वाजले होते.
"छान," तो झोपेतच म्हणाला.

कांदरपाड्याच्या अलीकडे नदी सरळ होते.
दोन्ही अंगांनी काँक्रीट, ओळंब्यात.
तिथे कारखानीस मागे पडले.
आम्हाला वाटलं, गुडघा.
ते भिंतीवर तळहात ठेवून उभे होते,
ताप बघावा तसा.
"ही माझी," म्हणाले.
"पुरानंतरची. एस्टिमेट माझं, सही माझी,
शेवटचं बिलही मीच पास केलं.
इथे वळण होतं. वळणावर उंबर,
त्याखाली बाया कपडे धुवायच्या.
नकाशावर वळण वाईट दिसतं."

कुणी काही बोललं नाही.
त्या पुरात माझ्या बहिणीच्या घरात
पाणी फ्रिजच्या वर चढलं होतं,
आणि भिंत हवी या अर्जावर
पहिली सही माझी होती.
ते मी तिथे सांगितलं नाही.

बेर्थाने फुग्यांचा डबा उघडला,
पहिला फुगा त्यांच्या हातात ठेवला.
भिंतीच्या सांध्यातून पिंपळ आला होता,
वीतभर, पानं अजून तांबूस,
बोट लावलं तर रंग लागेल इतकी नवी.
कारखानीस वाकले. "सांधा नीट भरला नव्हता.
आत्ता उपटला नाही तर दहा वर्षांत भिंत फोडेल."
दोन बोटांत देठ धरला.
मग फुग्याचा तुकडा तोंडात टाकला
आणि चालू लागले.

पुढे भिंत नेमकी कुठे संपते ते सांगता येत नाही.
काँक्रीट, मग डेब्रिज, मग चिखल, मग तिवरं.
पाणी इथे उलटं वाहत होतं. भरती.
खाडी नदीला मागे रेटत होती, पिशव्यांसकट,
होळीचा जांभळा लागलेल्या एका चपलेसकट.
चिखलात निवट्या उडत होत्या.
"आई हातानं धरायची," बेर्था म्हणाली,
"कैरी घालून आंबट करायची. याच दिवसांत."
"आता खाशील?" दळवीवहिनींनी विचारलं.
"आता बघते नुसती."

वर्तकबाईंनी डोकी मोजली. बारा.
परत मोजली. बारा.
तबेल्यातला पोरगा, आठ-नऊ वर्षांचा,
शेवटून चालत आलेला, हातात फुगा.
"कुठे निघालास रे?"
म्हशी रोज यातच धुतो, म्हणाला,
पण पाणी जातं कुठे ते बघितलं नव्हतं.
मग खाडीकडे जरा वेळ पाहून:
"ही तर परत येतेय."

कारखानीस उकिडवे बसले,
काडीने चिखलात त्याला भरती काढून दाखवू लागले.
रेघ भरून जायची, ते पुन्हा काढायचे.
वर्तकबाई घड्याळ बघत होत्या, त्याच्या घरचे शोधत असतील.
रिक्षा इथे येत नाही.
परतीला चार वळसे होते, आणि ऊन.